नवव्या डावाची कडी

केल्टन, ओहायो
सोमवार, ९ जुलै १९७९

चि. सौ. लोरेना हिस अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र मिळालं. गहू चांगला आला हे वाचून आनंद झाला, आमच्या मेव्हण्याचा, ओरिनचा, गुडघा सुजल्याचं वाचून तो आनंद निम्मा झाला. मी फोन का करत नाही म्हणून विचारतेस. फोनवर तू मला नेब्रास्काचं हवामान सांगतेस, मी तुला ओहायोचं सांगतो, आणि दोघं दमून फोन ठेवतो. त्यापेक्षा पत्र बरं.

आमचा बेसबॉलचा संघ, कूपर्स, सध्या दुसऱ्या स्थानावर आहे, ब्रॅडवेलच्या संघाच्या एकच सामना मागे. कूपर्सनी विजेतेपद मिळवलं ते १९४१ साली. तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो आणि मला वाटलं होतं की हे दरवर्षी होत असावं. अडतीस वर्षं तिसऱ्या बेसमागच्या त्याच बाकावर बसून मी तो गैरसमज दूर करून घेतो आहे.

यंदाही अडचण पिचरांची, चेंडू टाकणाऱ्यांचीच. सुरुवात करणारे पाच जण म्हणजे पाच श्लोक आहेत आणि त्यातल्या चारांत वृत्तभंग. पिचार्दो हा एकच शुद्ध. पण तो सहा डाव टाकून हात धुऊन मोकळा होतो, उरलेलं जगाने पाहावं. थोरला ऑस्ट्रॅन्डर तर वाकडे चेंडू टाकून फलंदाजांना पहिल्या बेसवर इतकं फुकट चालत पाठवतो की त्याला धर्मादाय संस्था म्हणून नोंदवावं. मधल्या डावांत जे येतात त्यांची नावं मी जाणूनबुजून पाठ केलेली नाहीत.

राहिला तुझा मुलगा व्हर्लिन. शेवटचा म्हणजे नववा डाव, एक-दोन धावांची आघाडी, अशा वेळी आत यायचं, तीन गडी बाद करायचे आणि घराला कडी लावून घ्यायची, हे त्याचं काम. जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चौदा वेळा बोलावलं, तेरा वेळा कडी लागली. त्यानंतर पाच वेळा बोलावलं आणि चार वेळा चोर आत. चेंडूचा वेग तोच, हात तोच, तोंडही तेच, तुझ्यासारखं हट्टी. फलंदाजच अचानक ज्योतिषी झाल्यासारखे वागतात. मॅनेजर ड्युगनने त्याला सांगितलंय की महिनाअखेरपर्यंत पाहू. एकतिसाव्या वर्षी ज्याला कूपर्स सोडतात त्याला कुणी धरत नाही, हे त्याला माहीत आहे. घरी येतो, मी केलेला भोपळ्याचा केक उभ्यानेच खातो आणि वरच्या खोलीत जातो. मी पिचिंगचा विषय काढत नाही. तेवढा शिष्टाचार मला आहे.

जाता जाता, एक कात्रण पाठवतो. इथल्या वर्तमानपत्रात सोमवारी प्रेक्षकांची पत्रं छापतात. ‘एक जुना प्रेक्षक’ या नावाने मी अधूनमधून लिहितो. घरात कुणाला ठाऊक नाही. २५ जूनचं पत्र त्यांनी चौकटीत छापलं. शाळेत लॅटिन शिकवणाऱ्याला शोभेल इतकी भाषा जमली आहे असं वाटतं.

ओरिनला नमस्कार. भावावर माया करतेस ती यंदा थोडी कूपर्सवरही कर.
तुझा
वेंडेल


ओसेज बेंड, नेब्रास्का
१४ जुलै १९७९

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं कात्रण पोचलं. भाषा जमली आहे. इतकी जमली आहे की ओरिनने जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं आणि मध्येच थांबला.

पिचार्दोची स्तुती झाली, ऑस्ट्रॅन्डरची टिंगल झाली, तिथवर आम्ही हसत होतो. मग तू लिहिलंयस की आमच्या कडी लावणाऱ्याचा मंद चेंडू केव्हा येणार हे बाकावरच्या लॅटिन मास्तरालाही कळतं, कारण त्याआधी बोटं चेंडूवर बसवताना त्याचा हातमोजा बेडकाच्या गळ्यासारखा फुगतो. वेगाच्या चेंडूला मात्र तो मिटलेला असतो.

ओरिन दिवसाला अकरा शब्द बोलतो हे तुला माहीत आहे. त्या दिवशी त्याने सगळे एकदम खर्च केले. विचारलं, की पाहुणे संघ सामन्याआधी दुपारभर मैदानावरच्या त्यांच्या खोलीत बसून काय करतात? मी म्हटलं पत्ते खेळत असतील. तो म्हणाला, पत्ते खेळतात आणि गावातलं वर्तमानपत्र वाचतात.

दादा, तुझं पत्र २५ जूनचं. माझा मुलगा बिघडला तो कधीपासून? तुझ्याच पत्रात आहे. तुला लॅटिनमधल्या सनावळ्या पाठ असतात, एवढी एक जुळवून पाहा. मी चुकत असेन तर मला मूर्ख म्हण, मी सुखाने ऐकून घेईन.

तुझी धाकटी
लोरेना


केल्टन
१९ जुलै १९७९

चि. सौ. लोरेनास आशीर्वाद.

तू मूर्ख नाहीस. आधी मी तुला दोन पानी उत्तर लिहिलं, त्यात ओरिनला बेसबॉलमधलं काय कळतं असा एक परिच्छेद होता. तो फाडला. मग माझी गुणवही काढली. मी प्रत्येक सामन्यात चेंडू न् चेंडू टिपतो, हे तुला माहीत आहे, त्यावरून तू मला चिडवतेसही. २५ जूननंतर व्हर्लिनला अकरा फटके बसले. त्यातले नऊ मंद चेंडूवर. त्याआधीच्या अडीच महिन्यांत मंद चेंडूवर तीन. मी ती बेरीज चार वेळा केली. अंक लॅटिन नसतात, त्यांचा दुसरा अर्थ लावता येत नाही.

फुगलेला हातमोजा मला मे महिन्यातच दिसला होता. तेव्हाच का सांगितलं नाही म्हणशील. तो तेव्हा जिंकत होता, लोरेना! पिचरचं चांगलं चाललं असताना त्याच्याशी पिचिंगबद्दल बोलायचं नसतं, दृष्ट लागते. लहानपणी आपल्या बाबांनी याच कारणासाठी मला बाकावरून उठवून घरी पाठवलं होतं. मी नियम पाळला. घरात अवाक्षर काढलं नाही आणि सगळ्या गावाला छापून सांगितलं.

आता सांगायला धजत नाही. मंगळवारी त्याच्या ताटाशेजारी नवा, मोठा हातमोजा ठेवला. म्हणाला, मामा, माझा वाढदिवस नोव्हेंबरात असतो. काल सहज म्हटलं की बेडकांबद्दल काहीतरी वाचलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला पेन्शन द्यायची वेळ झाली असावी. ड्युगनला सांगावं, तर तो विचारेल हे बाहेर कसं गेलं. आणि व्हर्लिनला सांगितलं तर तो बॅग भरेल. तीन वर्षं जिन्यावर त्याचे बूट वाजतात. ते बंद झाल्यावर या घरात माझ्याशी बोलायला फक्त मृत भाषा उरतील.

येत्या नाही, त्यापुढच्या रविवारी सांगतो. त्या दिवशी दोन सामने आहेत, त्यातला एक तरी जिंकू.

वेंडेल


ओसेज बेंड
२३ जुलै १९७९

ती. दादास,

आज सांग. रविवारची, जिंकण्याची, शब्द सुचण्याची वाट पाहू नकोस. तुला त्याचे बूट हवेत, त्याला त्याचं काम हवं. मी फोन करून सांगू शकते, पण हे तुझ्याच तोंडून जायला हवं. हे पत्र हातात पडेल त्या मिनिटाला उठ.

लोरेना


केल्टन
रविवार, २९ जुलै १९७९

चि. लोरेनास,

तुझं पत्र शुक्रवारी दुपारी हातात पडलं. मी उठलो, आणि मैदानावर गेलो. माझा विचार असा की आज जिंकला तर घरी येताना सांगू, आनंदात ऐकायला सोपं जाईल. तू म्हणशील ते सगळं माझं स्वतःला म्हणून झालं आहे.

नवव्या डावात दोन धावांची आघाडी. दोन गडी बाद, दोन माणसं बेसवर. हातमोजा फुगला. मी बाकावरून ओरडलो, मिट, मिट म्हणून, हातमोजा मिटावा एवढ्यासाठी, आणि आजूबाजूच्यांनी तेच घोषणा म्हणून धरलं. चेंडू डावीकडच्या भिंतीवरून जाऊन बर्फाच्या कारखान्याच्या अंगणात पडला. शनिवारी सकाळी ड्युगनने त्याला बोलावून मोकळं केलं. तो म्हणे रडवेला झाला होता. ड्युगन, व्हर्लिन नव्हे.

तो घरी आल्यावर मी सांगितलं. स्वयंपाकघरात, उभ्यानेच. कात्रण दाखवलं. त्याने सावकाश वाचलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने एवढंच विचारलं, की मामा, तुला कधीपासून माहीत होतं. मे म्हटलं. तो म्हणाला, महिनाभर मला वाटत होतं की हात संपला. रात्री खांदा दाबून पाहायचो, कुठे दुखतंय का. दुखलं असतं तर निदान कारण तरी मिळालं असतं. मी दृष्ट लागण्याचं सांगायला लागलो. तो म्हणाला, पुरे.

मग भिंतीवरच्या आरशासमोर गेला, हातमोजा घातला आणि रिकाम्या हातानेच दोनदा ती हालचाल केली. एकदा फुगला, एकदा नाही. तिसऱ्यांदा केली नाही. चारच्या बसने निघाला. मी स्थानकावर येऊ का विचारलं, तर म्हणाला बॅग हलकी आहे.

तुझ्याकडे येतोच आहे. त्याला खाऊ घाल. मला काय घालायचं ते तू ठरव.

वेंडेल


ओसेज बेंड
१३ ऑगस्ट १९७९

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

मी तुझ्यावर रागावले आहे आणि तो राग तसाच राहू दे, तू त्यावर श्लोक करू नकोस.

पहिले चार दिवस तो फक्त झोपला. पाचव्या दिवशी कोठाराच्या दाराला चेंडू मारताना ऐकू आला. मी उपडी बादली घेऊन समोर जाऊन बसले. हातमोजा उघडला की मी ओरडायचं, असं ठरलं. पहिल्या दिवशी घसा बसला. ओरिन म्हणतो, गायींनी सुद्धा मंद चेंडू ओळखायला सुरुवात केली होती. आता मी ओरडत नाही, कारण कोणता चेंडू येणार ते मला कळत नाही. एकच फरक, चेंडू टाकायच्या आधी तो हातमोजा छातीशी धरतो.

परवा ब्रॅडवेलच्या मॅनेजरचा फोन आला. हो, तेच ब्रॅडवेल. म्हणाला, केल्टनचं वर्तमानपत्र आम्हीच वाचलं होतं, मंद चेंडू आम्हीच झोडला. म्हणून तर ठाऊक आहे की बिघाड हातात नव्हता. येतोस का विचारलं. व्हर्लिन रात्रभर अंगणात फेऱ्या मारत होता. काल गेला. तुझ्याबद्दल काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.

लोरेना


केल्टन
सोमवार, ३ सप्टेंबर १९७९, लेबर डे

चि. सौ. लोरेना हिस आशीर्वाद वि. वि.

रेडिओवर निकाल ऐकला असशील. तरी जे रेडिओवर नव्हतं ते लिहितो.

हंगामाचा शेवटचा सामना, कूपर्स आणि ब्रॅडवेल बरोबरीत, जो जिंकेल तो पहिला. अडतीस वर्षं मी या एका दुपारसाठी जगत होतो, हे मी लॅटिनमध्येही मोठ्याने म्हटलं नसतं. पिचार्दोने सात डाव टाकले, आयुष्यात प्रथमच. तरी नवव्या डावाला ब्रॅडवेल एका धावेने पुढे होतं, आणि त्यांचे राखीव पिचर सराव करतात त्या कुंपणाचं दार उघडून तुझा मुलगा निळ्या गणवेशात चालत आला.

गाव त्याच्यावर ओरडलं. घरभेद्या म्हणाले, आणखीही काही म्हणाले. शेजारच्या बाकावर बेकरीवाला गॉडफ्री बसतो; तो म्हणाला, मास्तर, तुमचा भाचा आम्हाला बुडवणार. मी म्हटलं, त्याला मीच शिकवलं. गॉडफ्रीला तो विनोद वाटला.

पहिला बाद. दुसऱ्याने फटका मारला, तिसरा चालत गेला. चौथा बाद. दोन माणसं बेसवर, एक गडी बाकी. एक बरा फटका बसला असता, तर कूपर्स विजेते आणि व्हर्लिन कायमचा घरी. लोरेना, मी कुणासाठी प्रार्थना करत होतो ते मला सांगता येत नाही. दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले होते, एवढं आठवतं.

मी त्याच्या हातमोज्यावरून नजर काढली नाही. तो छातीशी, मिटलेला, पुस्तकासारखा. पहिला चेंडू, हुकला. दुसरा, हुकला. तिसऱ्याला आमच्या फलंदाजाने बॅट इतक्या जोरात फिरवली की टोपी पडली, आणि चेंडू तोवर मागे बसून झेलणाऱ्याच्या हातात होता; तीन हुकले, शेवटचा गडी बाद.

मैदान असं गप्प झालं की ब्रॅडवेलवाल्यांचं ओरडणं परक्या घरातल्या लग्नासारखं ऐकू आलं. व्हर्लिन माझ्या बाकाखालच्या वाटेनेच त्यांच्या खोलीकडे गेला. वर पाहिलं नाही. मी उभा होतो. तो दिसेनासा होईपर्यंत टोपी काढून हातात धरली.

गॉडफ्रीने विचारलं, मास्तर, तुम्हाला तर सगळं आधी कळतं, शेवटचा कोणता होता, वेगाचा की मंद? मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही, लोरेना. तिन्हींतला एकही मला ओळखता आला नाही.

तो घरी आला की त्याला एवढंच सांग. तुझी माया आहे तितकीच राहू दे. वाढवण्याची विनंती यंदा करत नाही.

तुझा
वेंडेल