नव्वद नव्हे, साठ दिवस

मी, वय वर्षे बाहत्तर, व्यवसाय वकिली (आता बंद) व लेखन (अजून चालू), कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल विचारत नाही. यापूर्वीची माझी मृत्युपत्रे रद्द समजावीत. रागाच्या भरात केलेली तीन आहेत, कपाटाच्या वरच्या खणात.

१. माझे राहते घर धाकट्या बहिणीला मिळावे. गेटसमोर स्कूटर लावणाऱ्या शेजाऱ्याला तिने पहिल्याच दिवशी दम भरावा. मी पंधरा वर्षे नोटिसा पाठवल्या, तो अजून हसून नमस्कार करतो.

२. रस्त्याकडची खोली, जिथे माझे ऑफिस होते, ती शिवणकाम करणाऱ्या बाईंना त्या हयात असेपर्यंत दुकानासाठी विनाभाडे द्यावी. का, ते कलम चारमध्ये आहे. बहिणीने ते वाचल्याशिवाय कुरकुर करू नये.

३. वकिलांच्या मासिकात एकतीस वर्षे मी दरमहा लेख लिहिला. माझी पुस्तके, कात्रणांच्या फायली आणि ते सदर माझ्या भाचीला, म्हणजे टाचणीला द्यावे. सदर ही मालमत्ता नव्हे, हे मला कळते. संपादकांनी शब्द दिला आहे आणि तो मी इथे लेखी करून ठेवते. टाचणी हे नाव मीच पाडले. माझ्या हाताखाली काम शिकायला आली तेव्हा मसुद्यात चूक दिसली की ती त्या ओळीला टाचणी टोचून कागद परत द्यायची. अनेकदा माझ्या बोटाला लागली आहे.

४. आता कबुली. सहा वर्षांपूर्वी एका महिन्यात मला काही सुचेना. छापखाना खोळंबलेला, संपादकांचे दिवसाला चार फोन. मी काय केले, त्याच्याही आठ वर्षे आधीचा अपिलावरचा लेख काढला, नवा मथळा दिला आणि धाडून दिला. सदर लिहिणारे सगळेच कधी ना कधी हे करतात, कबूल कोणी करत नाही. मधल्या काळात अपिलाची मुदत नव्वद दिवसांवरून साठ झाली होती. टाचणीने प्रुफात बरोबर तिथेच टोचले. म्हणाली, "मावशी, मुदत बदललीय गं. एकदा बघून घे."

मी म्हणाले, "तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी हे लिहितेय. शहाणपणा शिकवू नकोस."

लेख तसाच छापला गेला. एका वकिलाने त्यावर विसंबून पंचाहत्तराव्या दिवशी अपील नेले. ते घेतले गेले नाही, आणि त्याच्या अशिलाचे, कलम दोनमधल्या बाईंचे, दुकान गेले. वकिलाचे पत्र आले, त्यात एक शिवी नव्हती. त्यानेच जास्त लागले. टाचणी शुद्धिपत्रासाठी हटून बसली. संपादक म्हणाले, "मॅडम, शुद्धिपत्र छापले की वाचकांचा विश्वास उडतो." मला तेच ऐकायचे होते. टाचणीने माझ्या टेबलावर ऑफिसची किल्ली ठेवली आणि निघून गेली. सहा वर्षे ती माझ्याशी बोललेली नाही. मला तिची फार आठवण येते. हे मी कुठल्याच लेखात लिहू शकले नसते.

तरी माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या अंकात, पहिल्या पानावर, चौकटीत शुद्धिपत्र छापावे: नव्वद नव्हे, साठ दिवस, चूक माझी, भाचीने वेळेत दाखवली होती.

५. साक्षीदार म्हणून टाचणीची सही घ्यावी.

(इथवर लिहून कागद टाचणीला टपालाने पाठवला होता. परत आला. नवा कागद घेत नाही, यावरच पुढे लिहिते.)

कलम पाचला टाचणी टोचलेली होती. शेजारी लाल शाईत: "ज्याला काही मिळणार, त्याला साक्षीदार करू नये. तुझाच लेख आहे, मावशी. कमाल आहे!" ती चूक मी मुद्दाम केली होती. साधे पत्र तिने न वाचता ठेवून दिले असते. चूक दिसल्यावर तिला राहवणार नाही, हे मला पक्के ठाऊक होते.

पण दुसरी टाचणी कलम चारला होती, आणि ती मी ठरवलेली नव्हती. तिथे लिहिले होते: "शुद्धिपत्राला तू मरायची वाट कशाला? पुढच्या अंकात दे. मंगळवारी दुपारी येते. प्रूफ मी बघणार."

आज मंगळवार. ती आली, चपला काढायच्या आधी म्हणाली, "किती वाळलीस गं!" मग आम्ही दोघी बसलो आणि चौकटीतला मजकूर चार वेळा लिहिला. तीन वेळा तिने खोडला. साक्षीसाठी बोलावलेले संपादक समोर बसून होते, त्यांनी तो मुकाट्याने खिशात घातला. रस्त्याकडची खोली आम्ही उद्याच रिकामी करणार आहोत; बाईंचे मशीन परवा येते.

सबब कलम चारमधील शुद्धिपत्राची सूचना आणि कलम पाच मी रद्द करते. शुद्धिपत्र माझ्या हयातीतच निघते आहे; कलम दोनही आतापासूनच लागू, आणि माझ्यानंतरही तसेच राहील. बाकी सर्व कायम. तूर्त मरायची मला घाई नाही, पुढचा लेख दोघींच्या नावाने जायचा आहे.

साक्षीदार:
१. मासिकाचे संपादक (यांना मुद्दाम साक्षीदार केले, म्हणजे काही द्यायला नको)
२. घरचे डॉक्टर (बुद्धीबद्दल खात्री देतात, गुडघ्यांबद्दल नाही)

दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

ठिकाण: माझे राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: ३ मार्च, मंगळवार

लाल शाईतली खाडाखोड माझ्या भाचीची आहे. मला मान्य आहे.

(सही)