विंचू मसाला

सानपाडा
रविवार, ६ एप्रिल २०२५

ती. वेणाईस,

सप्रेम जय भीम.

पत्र देणाऱ्या बाईला आधी पाणी दे, चहा दे, आणि मग हे वाच. तिचं नाव गोजरा. तिला लगेच काही विचारू नकोस. शेजारी कुणी विचारलं तर जुन्या मैत्रिणीची लेक म्हणून सांग. तुझ्या अंगणवाडीपायी तुला इतक्या बायका ओळखतात की कुणाला शंका यायची नाही. उजव्या मनगटाला फडकं बांधलंय, ते भाजलं म्हणून सांग. भाजलेलं नाही.

इथे सगळं ठीक आहे, असं लिहायची सवय लागली आहे, म्हणून हात तिकडेच वळतो. आईचे गुडघे बरे आहेत. विहारातल्या बायका तुझी आठवण काढतात. मी तुला मावशी म्हणावं म्हणून आई अजून डोकं फोडते, मी आपली वेणाईवरच अडून. यंदा जयंतीला मात्र गावी येणार नाही. का, ते पुढे सांगते.

मी काम काय करते ते तू दरवेळी विचारतेस, मी मोबाईल उघडून दाखवते, आणि तू म्हणतेस, "म्हणजे दवंडी पिटतेस." याहून नेमकं अजून कुणी सांगितलेलं नाही. जुईनगरच्या शर्मिलाचं पार्लर, नावड्याची एक खानावळ, इथला एक शिंपी, अशा छोट्या धंद्यांची दवंडी. त्यांच्या रील मी काढते, त्यावर आवाज माझाच. खाली लोक काही लिहितात त्यांना उत्तरंही मीच देते, आणि तीही ताबडतोब, कारण ताटकळलेलं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. ऑर्डरचा नंबरसुद्धा माझाच. या हुशारीचं मला फार कौतुक होतं.

गोजराला शर्मिलानेच आणलं. मराठवाड्याकडची, दिघ्यात एका खोलीत एकटी राहून काळा मसाला कुटायची. असा मसाला मी खाल्ला नव्हता (तुझा सोडून, लगेच रुसू नकोस). पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "ताई, माझं तोंड दाखवू नका. मालकाला कळलं तर माझं काही खरं नाही बगा."

मी म्हटलं, अहो, नाही दाखवत, टेन्शन घेऊ नका. भाड्याच्या खोलीत दिवसभर मिरच्या कुटल्या की घरमालक कटकट करणारच. आमच्या शिंप्याचा मालकही मशीनच्या आवाजावरून भांडतो. मला वाटलं, म्हातारबुवा काही इन्स्टाग्राम बघणार नाहीत, आणि बघितलं तरी नुसत्या हातांवरून काय ओळखणार?

तर मी नुसते हात दाखवले. तिच्या मनगटावर गोंदलेला हिरवा विंचू आहे, वाकडी नांगी वर काढलेला. मुसळ वर गेलं की तो वर जायचा, खाली आलं की खाली. मला ते इतकं आवडलं की मसाल्याला नावच विंचू मसाला दिलं. पाकिटावर तोच विंचू छापला. गोजरा सारखी पदराने मनगट झाकायची, आणि मी तिला हसायचे. "अहो, चेहरा कुठे दाखवतेय? हात तर आहे." वेणाई, ती शेवटी माझ्यासारखीच हसली आणि पदर काढला. ते हसणं मला आता ऐकवत नाही, आणि ते रीलमध्ये ऐकू येतं.

रील धावली. लोकांना विंचू आवडला. एका बिनफोटोच्या खात्यावरून कुणी लिहिलं, "विंचू ओळखीचा वाटतो." मी लगेच उत्तर टाकलं, "ओळख वाढवा, ऑर्डर करा!" वर एक हसरा चेहराही टाकला. त्यानंतर तो माणूस प्रत्येक रीलला लाइक करू लागला. मी शर्मिलाला म्हटलं, असं गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं.

मग फोन आला. आवाज मऊ, अगदी अदबीचा. "गोजराचा मालक बोलतोय."

मी घरमालकाशी बोलावं तशी बोलले. काका, तिखटाचा त्रास होत असेल, पण बाई गरीब आहे, कष्टाळू आहे, तिला घर सोडायला लावू नका.

तो म्हणाला, "घर सोडायला कोण लावतंय? तिनं घरीच ऱ्हावं म्हणतो मी."

मी त्याचे आभार मानले. खरंच मानले, वेणाई. मग त्याने विचारलं, हल्ली खोलीवर दिसत नाही, कुठं जाते? मी सांगितलं की शुक्रवारी माझ्याकडे पाकिटं घेऊन येते, सानपाड्याला, शिंप्याच्या वरच्या माळ्यावर. आमच्या पेजवर गोजरा हे नाव कुठेच नाही, मग याला ते कसं ठाऊक, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. घरमालकाला भाडेकरणीचं नाव ठाऊक असायचंच की.

शुक्रवारी, आता नऊ दिवस झाले, तो तिच्याआधी आला. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, मला ताई म्हणाला, पाणी मागितलं. टेबलावरचं पाकीट उचलून त्या विंचवावरून अंगठा फिरवत बसला.

"झकास काढलाय. कुणी काढला?"

"आमच्या बाईंच्या हातावरच आहे," मी म्हटलं.

"ठावं हाय. जत्रंत गोंदताना हात मीच धरला होता. लई हलवत होती."

तेव्हा मला कळलं की तिच्याकडे मालक कुणाला म्हणतात. आपल्याकडे नवऱ्याला घरचे म्हणतात, हे म्हणतात. ती बिचारी पहिल्या दिवसापासून मला नवऱ्याबद्दल सांगत होती आणि मी घरमालक ऐकत होते. त्याला कसं उठवावं ते सुचेना. आणि जिना चढणारी पावलं ऐकू आली. निम्म्यावर येऊन ती थांबली. मग एकदम उलट फिरली, धडाधड खाली. तिने चपला ओळखल्या होत्या. पाकिटांची पिशवी जिन्यात पडली होती.

तो उठला नाही, धावलाही नाही. म्हणाला, "जाऊ द्या. घाई कसली. ताई, मला पण एक रील करून द्या. बायको हरवलीय म्हणा. तुमचा आवाज लोकांना खरा वाटतो."

मी नाही म्हटलं. त्याने मान डोलवली, पाणी संपवलं, भांडं पालथं घातलं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी ती रील आली. लग्नातला फोटो, खाली लिहिलंय की डोक्यावर परिणाम झालेली बाई, उजव्या मनगटावर विंचू, दिसल्यास कळवा. आणि आवाज माझा. माझ्या जुन्या रीलमधले शब्द कापून कुणीतरी जोडलेत की आजकाल मशीन आवाज बनवतं तसं केलंय, मला सांगता येत नाही. पण मी ऐकलं तर मलाही वाटलं की मीच बोलतेय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लोक हात जोडून ती पुढे पाठवताहेत. आईनेही कुणाला तरी पाठवली. "बिचारा नवरा," म्हणाली. मी खाली लिहिलं की हे खोटं आहे, तर लोकांनी मलाच शिव्या घातल्या.

दिघ्यातल्या खोलीचा पत्ता त्या रीलखाली कुणीतरी कळवला, तिथे आता तो राहतो. खऱ्या मालकाला, म्हणजे घरमालकाला, त्याने लग्नाचा फोटो दाखवला आणि त्याने किल्ली काढून दिली. दुपारी तो आमच्या समोरच्या टपरीवर बसलेला असतो. मी खिडकीत गेले की नमस्कार करतो.

गोजरा शर्मिलाच्या पार्लरच्या मागच्या खोलीत होती. तिने पाठ दाखवली तेव्हा शर्मिला, जी दिवसभर बायकांना हसवत असते, ती बाहेर जाऊन रडली. पोलिसांत चल म्हटलं तर गोजरा म्हणते, गावाकडं एकदा गेले होते, त्यांनी समजूत काढून त्याच्याच गाडीत बसवून दिलं. शर्मिलाच्या ओळखीच्या एक वकीलबाई आहेत, कोर्टातून संरक्षण मिळतं म्हणाल्या, कागद करताहेत. तोवर तिला कुठेतरी ठेवायला हवं, आणि माझ्या सगळ्या जगात, वेणाई, मोबाईल नसलेलं घर फक्त तुझंच आहे. इतकी वर्षं मी त्यावरून तुला चिडवलं.

शर्मिलाचा भाऊ टेम्पोने तिला पनवेलपर्यंत सोडतोय, पुढे एसटी. त्यालाही गावाचं नाव सांगितलेलं नाही, म्हणून इथेही लिहीत नाही. तिला मी ते तोंडपाठ करून घेतलंय. विंचू मसाल्याचं पेज मी काढून टाकलंय, पण ते विंचू आता शेकडो मोबाईलमध्ये आहेत. तुझ्या आळीतली पोरं दिवसभर मोबाईलवरच असतात, तेव्हा तिला नळावर पाठवू नकोस. मसाला कुटायला मात्र देऊ नकोस असं मी म्हणणार नाही. कुटताना ती शांत होते. दार लावून कुटा.

मला भीती वाटते, वेणाई. काल तो टपरीवरून उठून शिंप्याकडे आला. कपडा शिवायला टाकला नाही, नुसतं विचारलं, "वरच्या ताईंचं गाव कुठलं?" शिंप्याला ठाऊक नाही. पण जयंतीला मी दरवर्षी कुठे जाते हे सोसायटीत पुष्कळांना ठाऊक आहे, आणि तो सगळ्यांशी फार गोड बोलतो. म्हणून मी येणार नाही. मी आले तर माझ्या मागून तो येईल.

या पत्राला उत्तर नको. शेजाऱ्यांच्या फोनवर माझा फोन आला, माझाच आवाज ऐकू आला, गोजराला बोलवा म्हणाला, तर ठेवून दे. माझा आवाज आता माझा राहिलेला नाही. तो काय बोलेल ते मला माहीत नाही.

आणि एक शेवटचं, ते नीट लक्षात ठेव. मीच तुझ्या दारात उभी राहिले, तरी आधी मी काय हाक मारते ते ऐक. वेणाई म्हटलं, तर मी एकटी आहे, उघड. पण मी मावशी म्हणून हाक मारली, तर माझ्या मागे कुणीतरी उभं आहे असं समज. कडी काढू नकोस. मी रडले तरी काढू नकोस. आतूनच सांग, इथे कुणी अक्षताची मावशी राहत नाही.

तुला वेणाई म्हणणारी,
अक्षता