परतलेल्या ताटलीतलं मीठ

प्रिय चिनारा,

अक्षर सैकाल नर्सचं आहे, तोंड माझं. शाळेच्या वयात मी कोकरांमागे होते आणि कोकरांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे मीही राहिले. सैकालला बजावलंय की मी बोलेन तसंच उतरवायचं, सुधारायचं नाही. तरी तिच्या कपाळावर आठी पडली की मला कळतं, ही काहीतरी बदलते आहे. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर तू मध्येच बोलतेस. कागद मुकाट्याने ऐकतो.

इकडे सगळे ठीक. तपकिरी गाय व्याली, कालवड झाली आणि ती तुझ्या बापासारखीच हट्टी आहे. त्याने चूल दुरुस्त केली. पूर्वी धूर दाराने बाहेर जायचा, आता खिडकीने जातो. नौरोजच्या सुमोलोकच्या खिरीसाठी गहू भिजत घातलाय, मोड यायला लागलेत. यंदा मोठी कढई ढवळायला तू नसशील याचं मला वाईट वाटतं, कारण तू असलीस की तुझ्या आजीला बसायला मिळतं. तुझं लग्न कधी, हे मी विचारत नाहीये. शेजारची झुराकान विचारते, मी फक्त निरोप देते.

झुराकानचं नाव निघालंच आहे, तर मिठाचं बोलते.

गेल्या शरदात कळप कुरणावरून उतरले आणि त्याच आठवड्यात तू बिश्केकहून पोती भरलेली गाडी घेऊन आलीस. शाळेच्या खोलीत गाव जमवलंस. चाळीस घरं, चाळीस चिठ्ठ्या, आणि चिठ्ठ्या टाकल्यास तुझ्या आजोबांच्या पांढऱ्या टोपीत. निम्म्या घरांना रक्तदाब उतरवेल असं वाटतं ते नवं मीठ, निम्म्यांना आपलं नेहमीचं, पोती मात्र सगळी एकसारखी, वर नुसता आकडा. कोणतं पोतं कुठलं ते बिश्केकला बंद पाकिटात. तेव्हा झुराकानने मागून विचारलं होतं, "मुली, एवढी शिकलीस आणि यातलं चांगलं कोणतं ते तुलाच ठाऊक नाही?" सगळे हसले. तू हसली नाहीस. म्हणालीस, "नाही ठाऊक, मावशी. म्हणून तर चिठ्ठ्या. ज्याला हवं त्याने नवं मीठ उचललं, तर आधीपासून जिवाला जपणारेच ते उचलतील. मग त्यांचा रक्तदाब उतरला तर तो मिठाने, की त्यांच्या जपण्याने, हे सांगायचं कसं?" त्या वेळी मला तुझा फार अभिमान वाटला, चिनारा. नारिनच्या मोठ्या डॉक्टरांना मी आयुष्यभर ऐकत आले, पण "ठाऊक नाही" एवढं स्वच्छ कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मग तू अट सांगितलीस. आपलं पोतं आपल्या घरात. "चोंग-एने, एक चिमूटभरही दुसऱ्याच्या घरी जाता कामा नये," असं या आजीकडे बघून म्हणालीस, कारण गावच्या आरोग्य समितीत सगळ्यात म्हातारी मी. तू कागद पुढे केलास, मी अंगठा उठवला. नुसता उठवला नाही, जरा ऐटीत उठवला.

आता ऐक. तुझं ते बंद पाकीट आम्ही दोन दिवसांत फोडलं. बिश्केकला जावं लागलं नाही, चहाचा चमचा पुरला. आपण दुधाच्या चहात मीठ घालतो, हे तुझ्या शिकलेल्या लोकांच्या ध्यानात कसं आलं नाही? झुराकानकडचा चहा नेहमीसारखा आणि माझ्याकडचा जिभेच्या मुळाशी जरासा कडवट. तिसऱ्या दिवशी अख्ख्या गावाला माहीत होतं की कडू ते औषध. वीस घरांत औषध आलं, वीस घरांत नाही.

तुझ्या आजोबांना तू पाहिलं नाहीस. खारवलेल्या मांसावरसुद्धा वरून मीठ भुरभुरायचे. सकाळी मेंढवाड्याकडे गेले ते तिथेच पडले, उजवं अंग गेलं, आणि मग अकरा महिने मी त्यांना चमच्याने भरवलं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब. त्यांना भरवता भरवता माझा हात भरून यायचा तेव्हा चमचा कोण धरायचं, माहीत आहे? झुराकान. आणि आता तिचाच आकडा असा आहे की दंडाचा पट्टा सोडताना सैकाल गप्प होते. नर्स गप्प झाली की आम्हा म्हाताऱ्यांना आकडा वाचावा लागत नाही.

तिची चिठ्ठी नेहमीच्या मिठाची निघाली होती.

त्या शुक्रवारी माझ्याकडे बायका जेवायला होत्या. जेवण झालं की प्रत्येकीच्या रुमालात घरी न्यायला केशिक बांधायचं, ते तर तुलाही चुकलं नाही. झुराकान शेजारची, म्हणून तिला रुमालाऐवजी ताटली; तीत मी तळलेले बोरसोक ठेवले, मांसाचा तुकडा ठेवला आणि खाली, बोरसोकांच्या आड, एक वाटी मीठ.

इथे सैकालची लेखणी थांबली आहे. लिही गं बाई. तूही अंगणात उभी राहून तोच चहा प्यायली आहेस.

दुसऱ्या दिवशी ताटली परत आली. आपल्याकडे ताटली रिकामी परत जात नाही. झुराकानकडे त्या दिवशी द्यायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तिने तिच्या पोत्यातलं मीठ भरून पाठवलं. मी डोक्याला हात लावला. फेकायचं तर कुठे, मीठ का कोणी फेकतं? ओतलं माझ्याच बरणीत. मग पुढच्या शुक्रवारी पुन्हा ताटली गेली आणि पुन्हा भरून आली. मला वाटत होतं, एवढं पाप मी एकटीच करते आहे. कसलं काय. ज्या घरात कडू होतं त्या जवळजवळ प्रत्येक घरातून ते शेजारी जात होतं, आणि प्रत्येक शेजारी ताटली भरून परत करत होता. थंडी संपेपर्यंत जवळपास अख्ख्या गावात मिळून एकच मीठ शिजत होतं.

आणि गुण काय काय आले म्हणून सांगू. झुराकान म्हणते, मिठाने गुडघे सुटले. मी म्हटलं, "जावयाने त्याच महिन्यात नवी शेगडी बसवून दिली, तिला का श्रेय देत नाहीस?" तर म्हणाली, "ताई, शेगडी काय औषध आहे का?" बेइशेनची घोडी दोन वर्षांनी गाभण राहिली, तेही मिठानेच. घोडीने मीठ चाटलं होतं का विचारलं, तर म्हणाला, "नाही, पण मी खाल्लं होतं." हे तुझ्या वहीत लिहू नकोस.

मग परवा तू सैकालला फोन केलास. तिने तो मोठ्या आवाजावर ठेवला होता आणि मी चुलीशी बसले होते. तू म्हणालीस, दोन्ही गटांचे आकडे थोडे उतरले, पण अगदी सारखे उतरले, म्हणजे नव्या मिठाचा उपयोग नाही. नौरोजनंतर चार दिवसांनी मंत्रालयात बैठक आहे, हे मीठ गावोगावच्या दुकानांत ठेवायचं की नाही ते तिथे ठरणार आणि तू उभी राहून "नको" सांगणार. सैकालने चाचरत विचारलं, कुठे अदलाबदल तर झाली नसेल? तू म्हणालीस, "शक्य नाही. माझ्या आजीने अंगठा दिलाय."

तेव्हापासून मी माझा अंगठाच बघते आहे.

मी अडाणी आहे, पण एकाच ओढ्याचं पाणी दोन किटल्यांत भरलं तर चहात फरक कुठून येणार, एवढं मला कळतं. नव्या मिठाचा उपयोग नाही, हे तुला दिसलेलंच नाही. तुला दिसलं ते एवढंच, की आम्ही एकमेकांकडे जेवतो. उलट मीठ चांगलं आहे असंही मी म्हणत नाहीये, कान देऊन ऐक. आकडे उतरले ते कदाचित मिठाने, कदाचित दर महिन्याला सैकाल दारात येते म्हणून लोकांनी आठवडाभर आधी चरबी कमी खाल्ली त्याने. मीच खाल्ली. शाळेच्या खोलीत तू जे बोलली होतीस तेच मंत्रालयात बोल: अजून ठाऊक नाही. झुराकानसारख्या किती म्हाताऱ्या किती गावांत बसल्या असतील. मीठ त्यांच्या कामाचं असलं आणि ते माझ्या ताटलीपायी दुकानात आलंच नाही, तर तुझ्या आजोबांना मी वर जाऊन काय सांगू?

म्हणून काल सगळ्या घरच्या बायकांना चहाला बोलावलं. पहिल्या कपाला कोणी काही केलं नव्हतं. तिसऱ्या कपाला बहुतेक सगळ्यांनी केलं होतं. कोणी कोणाला किती वाट्या दिल्या आणि परत काय आलं, ते सैकालने दुसऱ्या कागदांवर मांडलंय, ते या पत्राला टाचून पाठवते आहे. सदतीस घरं. नियम पाळला तो तिघांनी: दोघं कोणाशी बोलत नाहीत आणि तिसरा बेइशेन, तो कोणाला काही देतच नाही. प्रत्येकीने खाली सही केली आहे आणि सगळ्यांत वर माझा अंगठा आहे. अंगठ्याने केलेलं खोटं फोनवर खरं होत नाही, म्हणून हे पत्र. नारिनच्या गाडीवाल्याला सांगितलंय, थेट तुझ्या हातात द्यायचं. माझी लाज राखायला हे कागद दडवू नकोस, माझं नाव घेऊन वाच. आणि पुन्हा चिठ्ठ्या टाकशील तेव्हा घरांच्या टाकू नकोस, गावांच्या टाक. अख्ख्या गावाला एक मीठ, खिंडीपलीकडच्या अख्ख्या गावाला दुसरं. त्यांना आम्ही चाळीस वर्षांत सुईसुद्धा उसनी दिलेली नाही, तिकडे एक दाणा जायचा नाही, याचा अंगठा मी आजच देते. शाई अजून निघालेली नाही. तुझ्याकडून उत्तर येईल तेही रिकामं पाठवू नकोस, नव्या चिठ्ठ्या घेऊन तूच ये. आजोबांची टोपी मी झटकून खुंटीला लावून ठेवली आहे.

तुझीच, अंगठ्याला शाई लागलेली,
आजी बुरुल