दौतीतले सात दाणे

मी, सुपडू उखर्डू महाजन, वय एकोणऐंशी, राहणार रावेर, धंदा जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नवी तार भरून देण्याचा, शिक्षण चौथी आणि पुढचे रद्दीतून, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. कान गेले आहेत, डोके शाबूत आहे. शेजारी नवलभाऊंचे मत वेगळे आहे. ते ग्राह्य धरू नये.

१. घर पत्नी भिकुबाई हिच्या हयातीपर्यंत तिचे, नंतर मुलगा भूषण याचे. तिला विचारल्याशिवाय त्याने भिंतीत खिळासुद्धा ठोकू नये.

२. दुकान व हत्यारे भूषणला. मोटारीतली जळकी तार त्याने सरळ भंगारात द्यावी. त्या तांब्याचे सोने करण्यात माझी चाळीस वर्षे गेली.

३. गोठ्यातली भट्टी आणि केळीच्या खांबाच्या राखेचा डबा नवलभाऊंना. रोज सकाळी ते ओट्यावरून ओरडायचे, "सुपडूभाऊ, पिकलं का सोनं?" राखेने भांडी लख्ख निघतात. त्यांनी आता घासत बसावे.

४. प्रयोगाच्या वह्या नात मेघाला. ती जळगावला पदार्थविज्ञान शिकते. तीच म्हणाली, "आबा, परदेशात मोठ्या यंत्रात शिशाचं सोनं झालं. पण पापणी लवायच्या आत फुटलं."

"मग ती माणसं आता काय करतात?"

"पुन्हा करून बघतात."

"आणि हसता मात्र मला!"

५. दौतीतले सात सोन्याचे दाणे. हे माझ्या भट्टीत झाले असे मी सव्वीस वर्षे गावभर सांगितले. नव्याण्णव साली प्रयोग फसला म्हणून मी चार दिवस न जेवता भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. पाचव्या दिवशी मुशीत पहिला दाणा निघाला. मी नाचत घरात आलो. भिकुबाई साक्रीकडची, ती एवढेच म्हणाली, "व्हयनं ना सोनं? आते जेवाले बठा." पुढेही मी फार खचलो की एखादा दाणा निघायचा.

यंदा मेघाने ते सराफाच्या यंत्रावर तपासून आणले. "आबा, हे दागिन्याचं सोनं आहे. आणि हा दाणा नीट वितळलेलाच नाही. याला ओवायचं भोक आहे." त्या भोकातली राख मी सोन्याचा मळ समजत होतो!

भिकुबाईच्या गळ्यातल्या पोतीत आता सोन्याचे दोनच मणी उरले आहेत. कोणी विचारले तर म्हणते, "मानले टोचतस."

वकीलसाहेब म्हणतात, दुसऱ्याची वस्तू मृत्युपत्राने देता येत नाही. बरोबर आहे. पण जिवंतपणी परत करावे तर मला कळले हे तिला कळेल, आणि तेवढी छाती मला नाही. म्हणून माझ्यामागे मेघाने सराफाकडून भोके पाडून सातही दाणे तिच्या पोतीत ओवून द्यावेत. मुळातच भोक असलेला मधोमध.

भट्टी मी पोळ्यापासून बंद ठेवली आहे. कारण गुडघ्यांचे सांगितले. काल ती म्हणाली, "एकदाव पेटाडी देखा. भाता मी वढस." मी नाही म्हटले. ती गळ्याशी हात नेऊन उभी राहिली.

सहीपूर्वीची दुरुस्ती: आत्ता ओट्यावर बसून हे लिहिताना गोठ्यातून धूर येताना दिसतो आहे. साक्षीदारांनी सह्या लवकर उरकाव्यात, मला उठायचे आहे. वर दाणे सात लिहिले आहेत. मी पोहोचेपर्यंत आठ झाले असतील तर आठ समजावेत.

सही: सुपडू उखर्डू महाजन
आमच्यासमक्ष सही केली व तसेच गोठ्याकडे गेले:
१. प्रेमराज कौतिक चौधरी
२. तेजस झिपरू पाटील
रावेर, १४ डिसेंबर २०२५