जावयाच्या वाट्याचा पत्रा

मु. पो. जळकोट, ता. उदगीर,
जि. लातूर (पाकिटावर सवयीनं उस्मानाबाद लिहिलंत तरी पत्र पोचतं, फक्त तिकडे जाऊन येतं)
अक्षय्य तृतीयेनंतरचा रविवार

तीर्थस्वरूप श्रीमंतराव दाजी यांच्या चरणी (दोन्ही) रेवणसिद्धचा साष्टांग नमस्कार.

आपली आणि दानम्माअक्काची प्रकृती ठणठणीत असेल, भोकरच्या विहिरींना आमच्यापेक्षा बरं पाणी असेल आणि आपला राग निदान गुडघ्यापर्यंत तरी उतरला असेल, अशी आशा धरून लिहायला बसलो आहे. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, एक पत्रा सोडून. त्या पत्र्याबद्दलच हे पत्र आहे. तुमच्या सासूबाईंच्या, म्हणजे आमच्या अव्वाच्या खोलीवर नवे पत्रे पडले, पण त्यातला शेवटचा बसायचा राहिला आहे. तो भिंतीला टेकून उभा आहे आणि त्याच्या जागी वर आभाळ आहे. रोज दुपार कलली की पश्चिमेकडून वावटळ उठते. तो पत्रा कुणामुळे राहिला, हे मी लगेच सांगणार नाही. तुम्ही पत्र अर्ध्यात टाकून द्याल.

आधीपासून सांगतो. (आमच्या सौ. बसम्मा म्हणतात, तुम्ही आधीपासून सांगायला लागलात की ऐकणाऱ्याची यष्टी चुकते. पण तुमची यष्टी गेल्या धोंड्याच्या महिन्यात चुकली नव्हती. तुम्ही ती धावत जाऊन धरली होती, हे सगळ्या गावानं पाहिलं आहे.) मागच्या वैशाखात वादळानं अव्वाच्या खोलीचे जुने पत्रे नेले. एक शाळेच्या मैदानात सापडला, एक बाभळीत अडकला आणि एक शेजारच्या पंचाक्षरीच्या गोठ्यात उतरला. त्याच्यावर म्हैस अशी बसली की तिला उठवण्यापेक्षा पत्रा सोडून देणं सोपं वाटलं. आमच्याकडे दुष्काळाचीही एक तऱ्हा आहे. वारा घर उचलायला येतो आणि पाऊस फक्त पाहायला येतो. वर्षभर त्या खोलीवर ताडपत्री होती. यंदा पक्कं काम करायचं ठरवलं.

आता मिस्त्री कुठला धरावा? लातूर वेगळा जिल्हा झाल्यापासून पत्रे ठोकणारी सगळी मंडळी तिकडे गेली आहेत. तिथे म्हणे रोज एक नवी कचेरी उभी राहते आणि जोवर तिची इमारत होत नाही तोवर ती पत्र्याच्या शेडात बसते. आमच्या मुख्याध्यापकांनी असली कामं अंगावर घेणारा तिथला एक गुत्तेदार सुचवला. तो मोटारसायकलवर आला, फितीनं माप घेतलं, छापील कार्ड दिलं आणि चहा नको म्हणाला. चहा नको म्हणणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात शंका आली. (ही शंका न्याय्य होती का, यावर मी आठवडाभर डायरी लिहिली. निर्णय झाला नाही.) मी असा विचार केला की बाहेरचा माणूस पत्रे बसवून जाईल, वादळ आलं की पत्रे जातील आणि तो लातुरात कुठल्या गल्लीत राहतो ते शोधायला मला रजा काढावी लागेल. गावातला माणूस असेल तर त्याचंही घर त्याच वाऱ्यात उभं असतं. आपला पत्रा उडाला तर सकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसता येतं. तो कुठे जाणार?

गावातला म्हणजे मलप्पा. मी रीतसर चौकशी सुरू केली. ज्यांची ज्यांची घरं त्यानं शाकारली त्या सगळ्यांना भेटलो. सगळ्यांनी त्याची स्तुती केली आणि सगळ्यांच्या पत्र्यांवर दगड ठेवलेले होते. त्याच्या स्वतःच्या घरावर तर दगडच जास्त होते, पत्रे मधून मधून दिसत. बसम्मा वैतागून म्हणाली, "तुम्ही मिस्त्री बघून राहिलाव का सोयरीक?" तरी माझ्यानं राहवेना. मी मलप्पाला तोंडावर विचारलं की बाबा, तुझंच छप्पर दोनदा उडालं म्हणतात, ते कसं? तो जरासुद्धा शरमला नाही. म्हणाला, "सर, न्हाव्याचं डोकं दुसरा न्हावी करतो. माझ्या घराला मी दुसरा मलप्पा कुठून आणू?" मला हे उत्तर बिनतोड वाटलं. घरी येईपर्यंत त्यातली खोट लक्षात आली, पण तोवर सुपारी दिली होती.

गावचा माणूस कुठे जाणार, हा माझा सिद्धांत खरा ठरला. मलप्पा कुठेच गेला नाही. तो हॉटेलात दिसला, मारुतीच्या पारावर दिसला, तीन लग्नांत माझ्याच पंगतीला बसला. फक्त आमच्या छपरावर दिसला नाही. सोमवारी बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही, हे आपल्यात आहेच. मलप्पानं त्या नियमात स्वतःला धरलं आहे. बाजारच्या दिवशी त्याला बाजार असतो, दुसऱ्या दिवशी बाजाराचा शीण असतो आणि अमावास्येला तो शिडीला हात लावत नाही. मी तगादा लावला की तो समजुतीच्या सुरात म्हणे, "अजून वादळ कुठं आलंय, सर?" आणि वादळ येऊन गेलं की ज्यांचे पत्रे गेले त्यांच्याकडे आधी जावं लागे. आमच्या खोलीवर उडायला काही नव्हतंच, त्यामुळे आमचा नंबर कायमचा शेवटी. शेवटी बसम्मानं त्याच्या बायकोला गाठलं. काय बोलणं झालं मला माहीत नाही, विचारायचं धाडसही नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायला मलप्पा शिडीसकट दारात होता.

काम मात्र त्यानं मन लावून केलं. हूक आवळले, वायसरखाली डांबर भरलं, वाऱ्याच्या बाजूला पत्र्यावर पत्रा जास्त घेतला. संध्याकाळी मी खाली उभा राहून समाधानानं वर पाहतो तर तो हातोडी कमरेला खोचून उतरायला लागलेला. मी म्हटलं, एक राहिला. तो म्हणाला, "राहिला न्हाई, ठिवला. आखरीचा पत्रा जावयाच्या हातचा असतो, सर. घरच्या माणसानं ठोकला तर वारं त्याला वळखत न्हाई."

दाजी, आता सांगतो. आमच्या मुली अजून शाळेत जातात. या घराला जावई एकच आहे.

माझं शिक्षण बी.ए.पर्यंत झालं आहे आणि वारा माणसं ओळखतो यावर माझा विश्वास नाही. पण रूढी मोडायची तर ती आहे की नाही हे आधी पाहायला हवं, म्हणून मी पुन्हा चौकशीला निघालो. गावात एकानंही अशी रीत ऐकली आहे असं म्हटलं नाही, आणि एकानंही ती नाही असं म्हटलं नाही. जो तो म्हणे, "असंल." पंचाक्षरीनं तर आपल्या दुकानाच्या नव्या छपराचा शेवटचा पत्रा त्याच दिवशी उतरवून घेतला आणि देगलूरच्या जावयाला कार्ड टाकलं. म्हणाला, उद्या छप्पर गेलं तर लोक म्हणतील जावयाला विसरला. मी चौकशी केली नसती तर हे लोण पसरलं नसतं, हे मला कळतं.

मी अव्वाला म्हटलं, दाजी रागावले आहेत, ते यायचे नाहीत, मीच ठोकतो. ती म्हणाली, राहू दे. म्हटलं, निदान बाज तरी पलीकडे सरकव. तेही राहू दे. ती बरोबर त्या भोकाखाली बाज टाकून निजते आणि म्हणते, मला चांदण्या दिसतात. ती अक्काचं नाव काढत नाही. फक्त तुमच्याकडून येणारी दुपारची नांदेडची यष्टी आली की डोक्यावरचा पदर सारखा करते. यष्टी गेली की परत निजते.

आणि परवा वादळ आलं. मी शाळेतून येईपर्यंत आभाळ तव्यासारखं झालं होतं. वारा त्या भोकातून आत शिरला आणि सगळं छप्पर आतून वर उचलू लागला. पत्र्यांचा असा आवाज की बसम्मा माझ्या कानात ओरडत होती आणि मला तिचं फक्त तोंड हलताना दिसत होतं. (लग्नानंतर प्रथमच.) मलप्पा धावत आला, हे मान्य करायला हवं. लातूरचा गुत्तेदार आला नसता. त्यानं आढ्याला दोर बांधला, टोक माझ्या हातात दिलं, "सर, सोडू नका" म्हणाला आणि दुसऱ्यांची घरं पाहायला निघून गेला. मी सोडला नाही. वादळ गेलं, पाऊस आला तसा गेला, ऊन पडलं, कोंबड्या बाहेर आल्या, तरी मी दोर धरून उभा होतो. सोड म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं. पंचाक्षरीनं येऊन विचारलं, सर, घंटेचा दोर आहे का? तेव्हा सोडला.

छप्पर या वेळी राहिलं. पुढच्या वेळी राहील असं मलप्पाही म्हणत नाही. छप्पर गेलं तर त्याखाली अव्वाची बाज आहे, आणि ती हलत नाही.

आता त्या पायाबद्दल. धोंड्याच्या महिन्यात जावयाचे पाय धुवायचे असतात हे मला माहीत होतं. विहिरीवर घरटी एकच घागर मिळत होती हेही माहीत होतं. तुमचा उजवा पाय मी ताटात ठेवून रीतीप्रमाणे धुतला. मग रांगेत उभी राहिलेली माणसं डोळ्यांपुढे आली आणि डावा पाय ओल्या फडक्यानं पुसला. तुम्ही उठलात, वहाणा घातल्यात आणि अक्काला घेऊन तडक स्टँडवर गेलात. तेव्हापासून तुमचं पाऊल इकडे नाही, म्हणून अक्काचंही नाही. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. दुष्काळात पाणी वाचवणं चूक नव्हतं, असंच माझं मत आजही आहे. वाचवलेल्या पाण्याचा आम्ही चहा केला, एवढं मात्र बसम्मानं तुम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला नको होतं.

तेव्हा विनंती एवढीच की, यायचं नसेल तर येऊ नका, पण "माझ्या वतीनं हा पत्रा रेवणसिद्धनं ठोकावा, माझी हरकत नाही" अशा दोन ओळी सहीनिशी पाठवा. मी त्या अव्वाला वाचून दाखवीन, मलप्पाला दाखवीन आणि हवं तर वाऱ्यालाही. अक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञांकित मेहुणा,
रेवणसिद्ध

ता. क. पत्र अव्वाला वाचून दाखवलं. संमतीवर काम भागणार नाही म्हणते. हातोडी जावयाच्या हातात पाहिजे आणि शिडी खालून त्याच्या बायकोनं धरली पाहिजे. शिडीचं हे कलम माझ्यासाठी नवीन आहे.

आणखी एक ता. क. मलप्पा उदगीरला निघाला आहे, म्हणून टपालात टाकायला पत्र त्याच्याकडे देत होतो. शिडीचं विचारलं तर तो वहाणेकडे पाहू लागला. अशी रीत कुठंच नाही, दाजी. काम चालू असताना अव्वानं त्याला खालून हाक मारून, शेंगदाण्याचा लाडू देऊन तसं म्हणायला सांगितलं होतं. त्याला वाटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे. हे तुमच्यापासून लपवणं मला बरं वाटेना, म्हणून पाकीट उघडून लिहितो आहे. मला कळलंय हे अव्वाला ठाऊक नाही. मी मलप्पाला म्हटलं, मग चल, आत्ता ठोकून टाक. तो म्हणाला, "आता कसं जमंल, सर? पंचाक्षरीचा जावई देगलूरहून निघाला बी." म्हणजे रीत आता झालीच आहे.

शेवटचं. परवाच्या पावसानं गावाची धूळसुद्धा बसली नाही, पण सगळ्या छपराचं पाणी उतरून त्या भोकातून खाली आलं. अव्वानं बाजेशेजारी घागर ठेवली होती. ती काठोकाठ भरली. तिच्यावर फडकं बांधलं आहे आणि ती कुणाला हात लावू देत नाही, मला प्यायला नाही, बसम्माला चहाला नाही, वासरालाही नाही. हे पाणी कशासाठी म्हणून विचारलं तर तिनं तुम्हाला निरोप सांगितला. तो तिच्याच शब्दांत देतो.

"उजवा झालाय म्हणावं. डावा घिऊन या, अन् संगं माझी लेक आणा."