एकशे सत्त्याऐंशी पेट्रोलवाले

सोमवार, ३ फेब्रुवारी

शेवटी मलाच विचारलं! साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि कंपनीचं पत्र पुढे सरकवलं. इलेक्ट्रिक गाड्यांची विक्री तुम्ही घेणार का, मार्चअखेरपर्यंत कळवा. घ्यायची तर अर्धं वर्कशॉप मोडून तिथे चार्जिंगची यंत्रं बसवायची. नाही घेतली तर बायपासवरच्या शोरूमला देणार. म्हणजे चार किलोमीटरवर आमच्या उरावर बसणार.

साहेब म्हणाले, "एकोणीस वर्षं तू गाड्या विकतेस. लोकांना काय हवंय ते तू सांग. तू म्हणशील ते."

तू म्हणशील ते! घरी येऊन मी हे वाक्य दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. लेक म्हणाली, "आई, कुणाशी बोलतेस?"

माझ्या वहीतल्या सगळ्यांना मी स्वतः फोन करणार. दोनशे बारा घरं आहेत. कुणी कधी गाडी घेतली, कुणाच्या आजीला मागच्या सीटवर उलटी होते, कोण रिव्हर्स घेताना आधी देवाचं नाव घेतं — सगळं त्या वहीत आहे. बाहेरच्या कुणाला जमेल हे?

गुरुवार, ६ फेब्रुवारी

इस्त्रीने आज नको तिथे नाक खुपसलं. पाच वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसून गाड्या विकतो, शर्टाला चुणी पडेल म्हणून खुर्चीला पाठ टेकत नाही (म्हणून तर मी हे नाव ठेवलं), आणि मला शिकवतो! म्हणे, "ताई, हे फोन तुम्ही नका करू. बाहेरच्या कुणाकडून तरी करून घ्या. तुम्हाला कोण खरं सांगणार?"

मला! मला कोण खरं सांगणार! ज्यांच्या घरचे पाळणे आणि आजारपणं मला तोंडपाठ आहेत, ते मला खोटं सांगणार? जळतो मेला. साहेबांनी काम मला दिलं, ते खुपतंय.

सोमवार, १० फेब्रुवारी

एकतीस फोन झाले. घसा बसला, पण मजा आली. एकच प्रश्न — पुढची गाडी पेट्रोल की इलेक्ट्रिक?

दातांचे डॉक्टर: "ताई, चौथ्या मजल्यावरून वायर सोडू का खाली?" कापडवाले काका: "बॅटरी गेली की उरला पत्रा. विकायला काढली तर भंगारवाला तरी घेईल का?" मुख्याध्यापिकाबाई: "पेट्रोलच. आणि तुमच्याकडूनच, दुसरीकडे मी जाते की काय!" बॅंकेतलं जोडपं तर स्पीकरवर एकदम ओरडलं, "पेट्रोऽल!" मला हसू आवरेना.

आमच्या बंधुराजांनाही फोन केला. धाकटा असला म्हणून काय, ग्राहक तर ग्राहक. म्हणाला, "ताई, तू विकतेस तीच घेणार ना मी. विचारायचं काय त्यात?"

गुरुवार, २७ फेब्रुवारी

संपले! पेट्रोल एकशे सत्त्याऐंशी. इलेक्ट्रिक चौदा. 'बघू' म्हणणारे अकरा.

चौदातले नऊ तर अशी माणसं आहेत की नवा मोबाइल निघाला तरी रांगेत उभी राहतात. त्यांना काय धरायचं! आकडे टाइप करताना इस्त्री माझ्या स्क्रीनकडे बघत होता. मग आपल्या टेबलावरचे कागद सरळ करत बसला. शहाणा झाला.

मंगळवार, ४ मार्च

साहेबांनी माझे तीन कागद नीट वाचले. चष्मा काढला, पुसला, परत वाचले. वर्कशॉपकडच्या काचेतून बराच वेळ बघत बसले. मेस्त्री एका गाडीच्या बॉनेटवर कान ठेवून ऐकत होते. त्यांना आवाजावरून आजार कळतो.

"तुझी खात्री आहे ना?"

"साहेब, ही माझी माणसं आहेत."

त्यांनी कंपनीला नकार कळवला. अकरा कामगारांचं वर्कशॉप वाचलं. मी वाचवलं. असं लिहू नये, पण इथे कोण वाचतंय!

शनिवार, १७ मे

बायपासवाल्यांनी आज इलेक्ट्रिकचा मोठा कार्यक्रम केला म्हणे. फुगे, बॅंड. गर्दीही होती. फुकटचं सरबत म्हटलं की गर्दी होणारच.

बुधवार, ११ जून

सिग्नलला शेजारी एक गाडी येऊन थांबली. आवाज नाही, काही नाही, म्हणून मी वळून पाहिलं. हिरव्या नंबरप्लेटची कोरी इलेक्ट्रिक गाडी. आत मुख्याध्यापिकाबाई!

मी हात हलवला. त्यांनी पाहिलं — नक्की पाहिलं! — आणि रस्त्यापलीकडच्या औषधांच्या दुकानाची पाटी वाचायला लागल्या. सिग्नल सुटेपर्यंत वाचत होत्या. तेवढ्यात तर दुकानातली औषधंही मोजून झाली असती.

गाडी जावयाची असेल.

शुक्रवार, २० जून

जावयाची नाही. बाईंना जावईच नाही, दोन्ही मुलगे आहेत. माझ्याच वहीत लिहिलंय.

आज दातांचे डॉक्टरही दिसले. चौथा मजला! वायर! दवाखान्याच्या दारात गाडीला नळी लावून उभे होते. मला पाहिलं आणि लगबगीने आत गेले. पेशंट असल्यासारखे.

बुधवार, २ जुलै

कापडवाले काकाही. बॅंकेतलं जोडपंही. मी आता संध्याकाळी मुद्दाम लांबून घरी येते आणि पार्किंगमधल्या नंबरप्लेटा बघत चालते. वेड लागायची पाळी आली आहे. लेक म्हणते, "आई, सोड ना." कशी सोडू? आमच्या शोरूममध्ये जूनभरात चार गाड्या गेल्या. चार! साहेब रोज सकाळी मला "ये गं" म्हणतात, पूर्वीइतक्याच मायेने. तेच जास्त लागतं.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तिकडे जाणारे सगळे माझ्याच वहीतले कसे? बायपासवाल्यांना कुणाला फोन करायचा हे कसं कळलं? माझी वही कॉम्प्युटरवर कुणी चढवली होती? इस्त्रीने!

मंगळवार, ८ जुलै

विचारलं. सगळ्यांसमोर विचारलं. मेस्त्री होते, साहेब दारात उभे होते. "माझी यादी त्यांना कितीला विकलीस?" असंच म्हटलं.

इस्त्रीचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाला, "ताई, मी कुणाला काही दिलं नाही." बस. एवढंच. ओरडला नाही, भांडला नाही. खरा असता तर भांडला असता! चोराच्या मनात चांदणं.

बुधवार, १६ जुलै

इस्त्रीने नोकरी सोडली. बायपासवाल्यांकडे लागला. आणखी काय पुरावा हवा?

रविवार, ३ ऑगस्ट

आजचं लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

बंधुराज जेवायला आले. घामाने निथळत, चालत! मी म्हटलं, "गाडी कुठेय?" तर म्हणे सर्व्हिसिंगला. सर्व्हिसिंगला? तुझी गाडी सर्व्हिसिंगला आमच्याकडे येते रे शहाण्या, आणि रविवारी आमचं वर्कशॉप बंद असतं! असं मी म्हणणार, तोच लेक पाण्याचा ग्लास ठेवताना बोलून गेली, "मामा, आजही मागच्या गल्लीत लावलीस का?"

आजही!

तशीच उठले, चपला घातल्या, मागची गल्ली, तिच्या मागची गल्ली. शाळेच्या भिंतीला टेकून उभी होती. वर कापडी कव्हर. उन्हासाठी नाही, माझ्यासाठी. मी कव्हर उचललं. हिरवी प्लेट.

तो मागे धापा टाकत आला. मी विचारलं, "कधी ठरवलंस?"

"घेतली जूनमध्ये."

"ठरवली कधी, ते विचारतेय."

खाली बघून म्हणाला, "जानेवारीत."

जानेवारीत! मी फोन केला फेब्रुवारीत. म्हणजे मनात एक पक्कं ठरवून मला दुसरं सांगितलं. सख्ख्या भावाने! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा माझ्या आईच्या पोटी जन्मला.

"रोज साठ किलोमीटर जातो-येतो मी ताई. ऑफिसात चार्जिंग आहे. क्लचने गुडघा दुखतो. माझा निर्णय चुकला का?"

"मग हे फोनवर का नाही बोललास?"

"तू इतक्या आशेने विचारलंस... 'पेट्रोलच ना रे?' असं विचारलंस. तुला काय सांगणार होतो?"

मी असं विचारलं? मी 'पेट्रोल की इलेक्ट्रिक' असं विचारलं होतं. की नाही? पहिल्या एकतीस जणांना तरी तसंच विचारलं होतं. बहुतेक.

त्याला म्हटलं, "तू एक शब्द खरा बोलला असतास तर अकरा माणसांची पोटं वाचली असती." तो न जेवता गेला. चालतच गेला, गाडी माझ्यासमोर सुरू करायची हिंमत झाली नाही त्याची. भात तसाच पडून आहे. लेकीशीही मी बोललेले नाही.

सोमवार, ४ ऑगस्ट

केसाने गळा कापला सगळ्यांनी. गोड बोलून.

गुरुवार, २१ ऑगस्ट

साहेबांनी सांगितलं — सप्टेंबरअखेर शोरूम बंद. कंपनी आता इलेक्ट्रिक न घेणाऱ्यांना पेट्रोलच्याही कमी गाड्या देते. इलेक्ट्रिक आता घेतो म्हणून सांगायला साहेब स्वतः गेले होते, तर कंपनीचा तो कालचा पोरगा म्हणाला, "सर, तुमच्याच रिपोर्टमध्ये लिहिलंय, मागणी नाही."

माझा रिपोर्ट. माझे तीन कागद त्याच्या टेबलावर होते!

मी म्हटलं, "साहेब, चूक माझी." ते म्हणाले, "वेडी आहेस. लोकांनी फसवलं, तू काय करणार?" शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मेस्त्रींनी हातातला पाना पुसून पेटीत ठेवला आणि विचारलं, "त्या गाड्यांना आवाज नसतोच का हो अजिबात?" मी त्यांच्या पेटीचं झाकण लावलं.

शनिवार, ६ सप्टेंबर

दार उघडलं तर इस्त्री! तोच कडक शर्ट. मी दारातच उभी राहिले. तोही उभाच. शेवटी लेकीने "काका, आत या" म्हटलं आणि माझा नाइलाज झाला.

बसला. पाठ न टेकता. म्हणाला, त्यांच्या मॅनेजरला मी हवी आहे. मी सरळ सांगितलं, "त्या पायरीला माझा पाय लागणार नाही." तो म्हणाला, "ठीक आहे." मग मीच विचारलं, "माझ्या वहीतले किती आले तिकडे?"

"त्र्याहत्तर."

"आणि यादी तू दिली नाहीस."

"लागलीच नाही ताई. आपापले आले. मी तिथे जायच्या आधीच निम्मे येऊन गेले होते." मग म्हणाला, "बुकिंगच्या फॉर्मवर खाली 'विशेष सूचना' म्हणून रकाना असतो. कुणी रंगाचं लिहितं, कुणी गाडी अमक्या वेळेला द्या म्हणतं. तुमच्या माणसांनी काय लिहिलंय सांगू? 'जुन्या शोरूममधल्या ताईंना कळू देऊ नये.' काहींनी तोंडी सांगितलं, बऱ्याच जणांनी लिहून दिलंय. मॅनेजरने मला पहिल्याच दिवशी विचारलं, या ताई कोण? गुंड आहेत का?"

मी हसले. खरंच हसले! मग हसता हसता डोळ्यांना पाणी आलं आणि मग राग आला, असा राग आला की ग्लास आपटला. त्र्याहत्तर माणसं माझं मन जपत होती! एकानेही माझी नोकरी जपली नाही. एवढी माया होती तर फोनवर एकदा कडू बोलायचं होतं, मी काय मेले असते? दोन दिवस रुसले असते, फार तर फार. आणि वर्कशॉप उभं राहिलं असतं.

इस्त्रीला 'चुकले' म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "चहा घेणार?" तो म्हणाला, "घेतो." पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकून बसला.

मंगळवार, ३० सप्टेंबर

शेवटचा दिवस. वर्कशॉप रिकामं. मेस्त्री दुपारी किल्ल्या देऊन गेले. साहेब टेबलाचे खण आवरत होते, मी कागद फाडायला बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, "बायपासवाले तुला बोलावत होते म्हणे. तू नाही ना गं जाणार तिकडे?"

मी म्हटलं, "छे हो साहेब! मी कुठली जाते!"

केवढे खूश झाले. उरलेले खण गुणगुणत आवरले.

तिथे सही मी सकाळीच करून आले होते.