अठ्ठेचाळीसची गॅलरी

कोल्हापूर,
१७ नोव्हेंबर १९७४

ती. दादास,
नंदिनीचा सा. न. वि. वि.

भिलाईच्या थंडीत तुझा खोकला आवरला असेल असं धरून लिहिते. इकडे आईचे गुडघे सोडले तर आम्ही दोघी ठीक आहोत. तुझं पत्र आलं नाही की ती पोस्टमनशी भांडते. त्याची दया म्हणून तरी लिहीत जा.

जानेवारीत आपल्या शाळेला पन्नास वर्षं होतायत. एकोणीस तारखेला, रविवारी, मोठा समारंभ आहे. स्मरणिकेतला ‘शाळेचा क्रीडा-इतिहास’ हेडमास्तरांनी माझ्या गळ्यात घातलाय. मी मराठी शिकवणारी, मला फुटबॉलमधला ऑफसाइड अजून कळत नाही. म्हणून शाळा सुटली की वही घेऊन खेळ आणि ड्रिल शिकवणाऱ्या अप्पा चौगुले सरांसमोर बसते. रिटायर होऊन त्यांना चार वर्षं झाली, तरी ते रोज उचगावहून बसनं येतात आणि मैदानाच्या कडेला उभे राहतात. कुठल्या साली कोण गोलात होता, कोणाचा गुडघा फुटला, कोण मॅट्रिकला तीनदा नापास झाला तरी लेफ्ट हाफला त्याच्यासारखा दुसरा झाला नाही, सगळं त्यांना तोंडपाठ आहे. तुझं नाव निघालं की म्हणतात, यज्ञेश्वर गोलात उंच चेंडूला कधी घाबरला नाही, जमिनीवरच्याला मात्र कायम उशिरा वाकायचा.

तुमचे सेंटर फॉरवर्ड बाळासो आता माजी विद्यार्थी मंडळाचे अध्यक्ष आहेत. शिरोलीला त्यांची मोठी फौंड्री आहे. तुम्ही पोरांनी अठ्ठेचाळीस साली श्रमदानानं बांधलेल्या दगडी गॅलरीवर त्यांनी वडिलांच्या नावानं छत घातलंय. आठ लोखंडी खांब आणि वर सिमेंटचा जाड स्लॅब. फार रुबाबदार दिसतं. फक्त गॅलरीखालच्या खेळाच्या खोलीचं दार दसऱ्यापासून लागत नाही. गुंडू शिपायानं दोनदा रंधा मारला, तरी अडकतंच. दार वाढतंय बाई, असं तो गंभीरपणे सांगतो. आणि मधल्या पायऱ्यांवरून एक भेग खाली आलीय, पोरांनी तिचं नाव पंचगंगा ठेवलंय.

त्या वर्षीच्या तुमच्या संघाच्या आठवणी दोन पानं लिहून धाड. विसरलास तर आईला सांगेन.

तुझी माया आटू देऊ नकोस.
नंदिनी

----

भिलाई,
२५ नोव्हेंबर १९७४

चि. नंदिनीस,
दादाचे अ. उ. आ.

पत्र परवा मिळालं. खोकला आहे तसाच आहे. आईला बरा आहे म्हणून सांग.

आठवणी मागाहून लिहितो. आधी मला काही गोष्टी नीट बघून कळव. ती भेग बरोबर मध्यावर आहे, की कडेला? वरून खाली येताना रुंद होते, की बारीक? दार वरच्या बाजूला अडकतं, की खालच्या? छत कधी घातलं, महिना सांग.

आणखी एक काम. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या असतात, त्यातल्या दोन माग. भेगेवर आडव्या ठेवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसनं पक्की चिकटव आणि पेन्सिलनं तारीख घाल. भिंत जागची हलत नसेल तर काच वर्षानुवर्षं तशीच राहते. आमच्याकडे कारखान्यात असंच करतात. कोणी विचारलं तर मुलांसाठी प्रयोग चाललाय म्हण. अप्पांना मी विचारलं असं सांगू नकोस.

तोवर तू स्वतः त्या खोलीत जाऊ नकोस.

जपून राहा, ही इच्छा.
यज्ञेश्वर

----

कोल्हापूर,
९ डिसेंबर १९७४

ती. दादास,
नंदिनीचा सा. न. वि. वि.

आठवणी मागितल्या तर तू मला गवंडीकाम लावलंस. पण केलं सगळं.

भेग बरोबर मध्यावर आहे. खाली येताना रुंद होते, सर्वांत खालच्या पायरीवर माझी करंगळी आत जाते. दार वरच्या बाजूला अडकतं. छताचा स्लॅब गणपतीनंतर लगेच, ऑक्टोबरात ओतला.

काचपट्ट्या तीस नोव्हेंबरला लावल्या. पहिली सातव्या दिवशी सकाळी दुभंगलेली मिळाली. मला वाटलं कोणाचा तरी चेंडू लागला. गुंडूला विचारलं तर तो म्हणाला, आदल्या दिवशी मैदानावर कोणी आलंच न्हाय, फुटताना बारीक आवाज त्यानं स्वतः ऐकला. दुसरी त्यानंतर तिसऱ्या दिवशी गेली. ती फुटली तेव्हा मी तिथंच उभी होते. वारासुद्धा नव्हता. काचेवर एक रेघ आली, बस.

दादा, तू काय लपवतोयस? निमंत्रणपत्रिका छापून आल्यात. नऊशे माणसं येणार आहेत. अप्पांचा सत्कार त्या गॅलरीसमोरच आहे. तू एकेक प्रश्न विचारतोस आणि मी रोज शाळेत शिरताना आधी त्या भेगेकडे बघते. जे असेल ते स्पष्ट लिही.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून,
नंदिनी

----

भिलाई,
१७ डिसेंबर १९७४

चि. नंदिनीस,
दादाचे अ. उ. आ.

लिहितो. हे पत्र आईसमोर वाचू नकोस.

आपलं मैदान पूर्वी उसाचं रान होतं. अठ्ठेचाळीसच्या मे महिन्यात आम्ही अकरा जण आणि अप्पा पाया खणत होतो. बरोबर मध्यावर विहीर लागली. जुनी, मोटेची, काठ ढासळलेला, वर काटक्या आणि माती. तेव्हाचे हेडमास्तर पुण्याला पेपर तपासायला गेले होते. त्यांना कळलं असतं तर गॅलरी दुसरीकडे हलवा म्हणाले असते, आणि काम पुढच्या वर्षावर गेलं असतं. पंधरा ऑगस्टला उद्घाटनाचा सामना ठरला होता. पुढच्या वर्षी आमच्यातले सगळे शाळा सोडून गेलेले असते. आमचा शेवटचा मोठा सामना आम्ही बांधलेल्या गॅलरीसमोर व्हावा, एवढंच अप्पांच्या मनात होतं. ते तेव्हा जेमतेम पस्तिशीचे होते.

दोन दिवसांत आम्ही ती बुजवली. शेजारच्या गुऱ्हाळाची राख, फुटकी कौलं, मिळेल ती माती. वर शहाबादी फरश्या टाकून पाया चढवला. विहीर किती खोल होती ते कोणी मोजलं नाही. पहिल्या दिवशी मी एक दगड टाकला होता, त्याचा आवाज यायला वेळ लागला, तेवढं आठवतं. हे संघाबाहेर जायचं नाही, असं अप्पांनी आम्हाला सांगितलं. आम्हाला त्यात केवढा मान वाटला.

सव्वीस वर्षं ती राख उघड्या गॅलरीचं वजन पेलत होती. आता वर स्लॅब आलाय आणि त्यावर नऊशे माणसं बसवताहेत. तो भरणा कधी खचेल ते मी सांगू शकत नाही, पण खचेल. तू अप्पांना भेट. त्यांनी सांगितलं तरच लोक ऐकतील.

मला माफ करता आलं तर कर.
यज्ञेश्वर

----

कोल्हापूर,
३ जानेवारी १९७५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू इंजिनिअर होऊन वीस वर्षं झाली. दर उन्हाळ्यात येतोस, मैदानावर चक्कर मारतोस, त्या पायऱ्यांवर बसून शेंगा खातोस. मी त्या शाळेत बारा वर्षं शिकवते. एकदाही सांगावंसं वाटलं नाही? आणि आता हेडमास्तरांना पत्र लिहायचं सोडून बहिणीला पुढं करतोस. माफीचं नंतर बघू.

अप्पांकडे उचगावला गेले होते. त्यांनी तुझं पत्र दोनदा वाचलं. मी रडकुंडीला येऊन बोलत होते, ते अंगणातल्या चिंचेकडे बघत होते. शेवटी, पत्र पोचलं म्हणावं, इतकंच बोलले आणि मला बसथांब्यापर्यंत सोडायला आले. त्या दिवसापासून ते शाळेकडे फिरकलेले नाहीत.

मग मी समारंभ समितीच्या सभेत विषय काढला. विहिरीचं नाव घेतल्यावर बाळासोंचा चेहरा क्षणभर उतरला, तो मी पाहिला. मग ते हसून म्हणाले, सव्वीस वर्षं जे हललं न्हाय ते आता काय उडी मारतंय व्हय? सगळे हसले. हेडमास्तर माझ्याकडे बघून हसले नाहीत, पण त्यांनी पुढचा विषय घेतला. दुसऱ्या दिवशी मला व्यवस्थेच्या कामातून मोकळं केलं. काचपट्ट्या खरवडून भेगेत सिमेंट भरलं आणि वरून चुना दिला. सुतारानं दार वरून इंचभर कापलं. आता ते छान लागतं.

दोन आठवडे राहिलेत. तू ये.
नंदिनी

----

भिलाई,
१० जानेवारी १९७५

चि. नंदिनीस,
दादाचे अ. उ. आ.

हेडमास्तरांना आजच रजिस्टर पत्र धाडलं. सगळं लिहिलं, माझ्या सहीनिशी. स्लॅबचं वजन, राखेचा भरणा, सगळं मांडून.

रजेचा अर्ज लिहून खिशात ठेवलाय. तो दिलेला नाही, आणि साहेबानं रजा नाकारली असं खोटं मी तुला लिहिणार नाही. अप्पांसमोर उभं राहायची माझी छाती होत नाही. त्या दिवशी आईला घरी ठेव. तुझ्या वर्गातल्या मुलींना गॅलरीपासून लांब बसव. एवढंच सांगू शकतो.

यज्ञेश्वर

----

कोल्हापूर,
२१ जानेवारी १९७५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कसा गेला तो रविवार ते लिहिते.

तुझं पत्र हेडमास्तरांना शुक्रवारी मिळालं. त्यांनी ते बाळासोंना दाखवलं, आणि बाळासोंनी घडी करून परत दिलं. पाहुणे ठरले, मांडव घातला, आता काय करायचं, असं म्हणून हेडमास्तर माझी नजर चुकवत राहिले.

दुपारी तीनला गॅलरी भरली. माणसं दाटीनं बसली होती, काही खांबांना टेकून उभी. मुंबईहून, बेळगावहून आलेले, कोणाच्या मांडीवर नातवंडं. मी नववीच्या मुलींना पलीकडच्या कुंपणाशी उन्हात बसवलं होतं. त्या कुरकुरत होत्या. मी भेगेकडे बघत होते. नवा चुना मध्यावर केसाएवढा फाटला होता. आपणही आधी हेडमास्तरांना लेखी द्यायला हवं होतं, की आता ओरडायला हवं, हे मला कळेना. 

अप्पा येतील असं कोणाला वाटलं नव्हतं. ते धुतलेला पांढरा शर्ट घालून आले. पहिल्या पायरीसमोर टेबल होतं, तिथं त्यांना शाल दिली, नारळ दिला आणि माइक दिला. टाळ्या थांबेनात. अप्पांनी आधी अठ्ठेचाळीसच्या संघाची अकरा नावं घेतली, तुझं पहिलं. मग साध्या आवाजात म्हणाले, “ह्या गॅलरीच्या मधोमध विहीर हाय. मी राखेनं बुजवली. ही पोरं होती, मी त्यांना गप्प बसवलं. ती खाली बसाय लागलीय. आता समद्यांनी उतरायचं. मधल्यांनी पयलं, दोन्ही अंगांनी, पळायचं न्हाय.”

काही लोक हसले. त्यांना ती म्हाताऱ्याची गंमत वाटली. बाळासो उठून माइक घ्यायला गेले. अप्पांनी माइकवर तळहात ठेवला, तरी मला कुंपणापाशी ऐकू आलं, इतकी मैदानावर शांतता होती. ते म्हणाले, “बाळासो, राखेची पयली पाटी तूच वतलीस.” बाळासोंचा हात खाली गेला. ते टेबलाशी तसेच उभे राहिले.

मग अप्पांनी ड्रिलचा हुकूम दिला, पूर्वी द्यायचे तसा. आणि दादा, पन्नाशीची, पोटं सुटलेली, टोप्या घातलेली माणसं उभी राहिली. ओळीनं उतरली. पाव तास लागला असेल. मी श्वास मोजत होते. शेवटी एक लंगडे गृहस्थ आणि त्यांना धरून अप्पा, असे दोघे उतरले.

काही झालं नाही. गॅलरी होती तशी उभी राहिली. लोक मैदानाभोवती उन्हात उभे राहून सामना बघत होते आणि मधूनमधून मागं वळून छताकडे बघत होते. तासाभरानं चेष्टा सुरू झाली. म्हातारा चळला, सुवर्णमहोत्सवाचा विचका केला, असं माझ्या कानांवर पडलं. जाताना कोणी त्यांच्या पाया पडलं नाही. शाल टेबलावरच राहिली. मी ती घेऊन बसथांब्यावर गेले तेव्हा ते एकटेच उभे होते. त्यांनी शाल घेतली आणि आईच्या गुडघ्यांची चौकशी केली.

स्मरणिका अजून छापखान्यातच आहे, तिच्यातून अठ्ठेचाळीसचं पान काढलंय. मला समितीकडून खुलासा मागणारं पत्र येणार असं कळतं.

तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही, पण लिहीत राहा.
नंदिनी

----

कोल्हापूर,
२७ जुलै १९७५

ती. दादास,
नंदिनीचा सा. न. वि. वि.

तार केली नाही, कारण तारेत मावलं नसतं. आधी हे वाच: कोणालाही काही झालेलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा बाळासोंनी सुचवलं होतं की पावसाळ्यात प्रार्थना छताखाली गॅलरीवर घ्यावी, मुलं भिजणार नाहीत. हेडमास्तरांना तुझं पत्र आणि नऊशे लोकांसमोर अप्पांनी बोललेलं वाक्य पुसता आलं नाही. त्यांनी गॅलरीला तारेचं कुंपण घातलं आणि प्रार्थना व्हरांड्यातच ठेवली. दीड महिना सगळे त्यांना घाबरट म्हणत होते.

परवाच्या बुधवारी, तेवीस तारखेला, अकराला दहा कमी असताना प्रार्थनेची घंटा झाली. आठ दिवस झड लागली होती. मुलं व्हरांड्यात रांगेत उभी होती, हात जोडलेले. धडाड असा आवाज झालाच नाही. जमिनीनं घसा खाकरावा तसं काहीतरी झालं आणि मधल्या पायऱ्या खाली गेल्या. मग खांब आत कलले आणि स्लॅब त्यांच्यावर आडवा पडला. त्याचा आवाज देवळाच्या महाद्वारापर्यंत गेला म्हणतात. धूळ उडाली नाही, सगळं ओलं होतं. थोड्या वेळानं त्या खड्ड्यात काळं पाणी वर आलेलं दिसलं. मुली रडत होत्या. गुंडू खेळाच्या खोलीची किल्ली हातात धरून माझ्याशेजारी उभा होता. तो चेंडू काढायला निघालेला आणि घंटेसाठी मागं फिरला होता. चार दिवस झाले, तो नीट बोलत नाही.

बाळासो शिरोलीहून जीप घेऊन आले. खड्ड्याच्या काठाशी भिजत उभे राहिले आणि जीप वळवून गेले. माजी विद्यार्थी मंडळाचा राजीनामा त्यांनी दुसऱ्या दिवशी पाठवला.

अप्पा दोनच्या बसनं आले. तोवर मैदानावर शंभरेक माणसं जमली होती. जानेवारीत हसलेलेही होते. त्यांना बघून सगळे पुढं झाले, पाया पडायला वाकले. अप्पांनी पाय मागं घेतले. त्यांनी खड्ड्याकडे बघितलंच नाही. ते व्हरांड्यात उभ्या असलेल्या मुलांकडे बघत होते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मोजावं तसं.

काल मी उचगावला गेले. सहा महिन्यांत ते वाळलेत. सून सांगते, जेवत नाहीत, पडल्या जागी डोळे उघडे असतात. मी म्हटलं, सर, तुम्ही नऊशे जीव वाचवलेत. त्यावर ते म्हणाले, बाई, पंधरा ऑगस्ट अठ्ठेचाळीसपासून रिटायर होईपर्यंत मी रोज सकाळी त्या पायऱ्यांवर पोरं बसवली. रोज शंभर. मला ठाऊक असताना बसवली. एका रविवारचं काय घेऊन बसलाय?

 निघताना त्यांनी मला दारात थांबवलं आणि तुझ्यासाठी एक निरोप दिला. रागानं नाही, अगदी कळवळून. म्हणाले, “यज्ञेश्वरला विचारा, एवढी वर्षं त्याला झोप कशी लागली. मला सांगितलं तर लई उपकार हुतील.”

मी विचारते आहे, दादा.

उत्तर मला नको, त्यांच्या पत्त्यावर पाठव. नाहीतर स्वतः ये.
नंदिनी